देवगिरीची तीन हजारावी तान

मुलाखतीत नापास झाल्याच्या गोष्टी लोक सहसा ब्लॉगवर लिहीत नाहीत. मी लिहितोय. कारण ज्या प्रश्नावर मी आपटलो, त्याचं उत्तर माझ्या घरापासून पंधरा-एक किलोमीटरवर आठशे वर्षांपूर्वी लिहून झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

साल २००८. पुण्यातली एक कंपनी, नाव नको. समोरच्या गृहस्थांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "वीस वस्तू आहेत. त्यांच्या सगळ्या मांडण्या एका ठरलेल्या क्रमानं लावल्यात. मी यातली एक मांडणी तुम्हाला देतो, तिचा नंबर किती ते सांगा."

मी खूश. लूप लावला. पहिल्यापासून एकेक मांडणी तयार करायची, दिलेल्या मांडणीशी ताडून बघायची, जुळली की थांबायचं. पाच मिनिटांत कागद परत. त्यांनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "वीस वस्तूंच्या मांडण्या किती?"

२४३ च्या पुढे सोळा शून्यं, साधारण. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या तपासणारं मशीन दिलं तरी सगळ्या संपायला सत्याहत्तर वर्षं लागतात. "तेवढं थांबायची आमची तयारी नाही," ते म्हणाले. मग हसले. मीही हसलो. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

असो. पुढे दुसरीकडे लागलो, प्रश्नाचं उत्तर पुस्तकात वाचलं, "अरे, एवढंच होतं होय" असं म्हणून विसरूनही गेलो. पुस्तकात त्या युक्तीला लेमर कोड म्हटलं होतं. डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञानं १९६० साली, संगणकाला असली कामं कशी शिकवायची यावर लिहिलं, म्हणून त्याचं नाव. त्याच्याही आधी १८८८ मध्ये लेझां नावाच्या फ्रेंच माणसानं त्यामागची संख्या लिहायची पद्धत मांडली होती. माझ्या डोक्यात हा इतिहास इथंच सुरू होत होता आणि इथंच संपत होता.

मग गेल्या दिवाळीत घरी गेलो. घर म्हणजे आमचं औरंगाबाद. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. जिभेला अजून दोन्ही नावं येतात, सांभाळून घ्या. आत्या औरंगपुऱ्यात राहते. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं तिनं. फराळाचं ताट माझ्यापुढे ठेवून ती एका मुलीची शिकवणी घेत होती आणि मुलगी वहीतून म्हणत होती:

सा रे ग
रे सा ग
सा ग रे
ग सा रे
रे ग सा
ग रे सा

चकली हातातच राहिली. तीन स्वरांच्या सहाच्या सहा मांडण्या, एकही सुटलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही. आणि क्रम बघा: पहिल्या दोन ओळींत शेवटी ग, पुढच्या दोनांत शेवटी रे, शेवटच्या दोनांत सा. हे कुणीतरी नियमानं लावलेलं होतं.

"आत्या, हे कुठलं?"

"मेरुखंड रे. अमीर खाँसाहेब गायचे ना, तेच. भेंडीबाजारवाल्यांकडेही आहे. मूळ आपल्या दौलताबादचं."

"दौलताबादचं?"

"मग! शार्ङ्गदेव दौलताबादचाच की. तेव्हाची देवगिरी. तुम्ही लोक किल्ल्यावर फक्त फोटो काढायला जाता."

टोमणा रास्त होता. दिवाळीची उरलेली सुट्टी मी तिच्याकडच्या संगीतरत्नाकराच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यातून जे समजलं ते इथं मांडतोय. मी इतिहासकार नाही आणि गवई तर मुळीच नाही. पण अल्गोरिदम समोर आला तर मला ओळखता येतो.

तर शार्ङ्गदेव. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले. (हे भास्कर वेगळे, आपले भास्कराचार्य वेगळे. ते पुढे येतीलच.) वडील सोढल यादवांच्या पदरी चाकरीला होते. ग्रंथाच्या प्रकरणांअखेरीस जो मजकूर येतो त्यात सोढलांना 'श्रीकरणाधिपती' म्हटलंय, म्हणजे राज्याचं दफ्तर आणि हिशेब बघणारा मुख्य अधिकारी. पुढे हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच हुद्द्यावर होता. थोडक्यात, मुलगा हिशेबनिसाच्या घरातला. त्यानं स्वतःला बिरुद घेतलं होतं 'निःशंक'. राजा सिंघण यादवाच्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यानं सात अध्यायांचा संगीतरत्नाकर लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक असे दोन्हीकडचे संगीतकार आजही ज्याचं नाव घेतात असा हा ग्रंथ.

पहिल्याच अध्यायात तानांचा विषय निघतो. सात स्वर, प्रत्येक एकदाच घ्यायचा, क्रम मात्र हवा तसा. अशा किती ताना? ५०४०. इथवर नवल नाही. शार्ङ्गदेवाच्या आधी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी लीलावतीच्या शेवटी 'अंकपाश' म्हणून हेच सांगितलं होतं. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती तऱ्हांनी देता येतील, असं तिथं विचारलंय. उत्तर ३६ लाख २८ हजार ८००.

पण लीलावतीतला प्रश्न 'एकूण किती' असा आहे. शार्ङ्गदेव त्यापुढे दोन प्रश्न विचारतो. तान दिली तर ती कितवी? याला त्यानं शब्द वापरला उद्दिष्ट. आणि नंबर दिला तर तान कोणती? याला नष्ट. हे शब्दही त्याचे स्वतःचे नव्हेत. लघु-गुरूंच्या वृत्तांसाठी हे दोन्ही प्रश्न पिंगळाच्या छंदःशास्त्रापासून चालत आले होते. तिथं मात्र प्रत्येक जागी दोनच पर्याय असतात, लघु किंवा गुरू. स्वरांचं तसं नाही. एकदा घेतलेला स्वर पुन्हा घेता येत नाही, त्यामुळे पुढच्या निवडी मागच्या निवडींवर अवलंबून राहतात. पिंगळाची पद्धत इथं जशीच्या तशी चालत नाही.

मुलाखतीतला माझा प्रश्न तो हाच. शब्दाला शब्द.

आता त्याचं उत्तर. तो एक तक्ता आखायला सांगतो. नाव खंडमेरू. सात रकाने:

पहिला: १
दुसरा: ०, १
तिसरा: ०, २, ४
चौथा: ०, ६, १२, १८
पाचवा: ०, २४, ४८, ७२, ९६
सहावा: ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००
सातवा: ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२०

आणि सात खडे घ्यायचे. खरेखुरे खडे, तक्त्यावर सरकवायला.

समजा तान आहे 'ग रे सा'. तीनच स्वर, म्हणून तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात. तानेतला शेवटचा स्वर बघा: सा. मूळ क्रमात, म्हणजे सा-रे-ग मध्ये, तो शेवटून कितवा? ग पहिला, रे दुसरा, सा तिसरा. तिसऱ्या रकान्यात वरून तिसऱ्या घरावर खडा ठेवा: ४. सा काढून टाका. उरलं 'ग रे'. शेवटचा रे. उरलेल्या रे-ग मध्ये तो शेवटून दुसरा. दुसऱ्या रकान्यात दुसरं घर: १. उरला एकटा ग, पहिल्या रकान्यात १. बेरीज ४ + १ + १ = ६. आत्याच्या वहीत ही सहावीच ओळ आहे.

सात स्वरांना सात खडे आणि सहा बेरजा. पाच हजार ओळी लिहायची गरजच नाही. वीस वस्तू असतील तर वीस रकाने. सत्याहत्तर वर्षांचं काम दोन मिनिटांत.

आता उलट बाजू, नष्ट. मी आत्याला म्हटलं, तीन हजारावी तान काढू या. पहिल्या रकान्यातला १ कायमचा, म्हणजे २९९९ जमवायचे. सातव्या रकान्यातून २९९९ च्या आत मावणारा सगळ्यांत मोठा आकडा २८८०. ते पाचवं घर, म्हणून मूळ क्रमात शेवटून पाचवा स्वर, ग. तो तानेत सर्वांत शेवटी. उरले ११९. सहाव्या रकान्यातून ०, म्हणजे उरलेल्यांतला शेवटचा, नि. पाचव्यातून ९६, सा. चौथ्यातून १८, रे. तिसऱ्यातून ४, म. दुसऱ्यातून १, प. राहिला ध. तान झाली:

ध प म रे सा नि ग

आत्यानं ती गाऊन बघितली आणि नाक मुरडलं. "हिला कुठल्या रागात बसवणार?" ही तक्रार मात्र खरी आहे. ५०४० पैकी बहुतेक ताना अशाच. शिवाय शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबत नाही. मूर्च्छनांचे ५६ प्रकार धरतो आणि प्रत्येकाच्या ५०४० अशा एकूण २ लाख ८२ हजार २४० पूर्ण ताना सांगतो. त्या लिहून काढायच्या म्हटलं तर जवळजवळ वीस लाख अक्षरं. कोणी लिहिणार नाही, कोणी गाणार नाही. पण यातली कुठलीही मागा, तो खडे टाकून काढून देईल. यादी न ठेवता यादीतली कुठलीही ओळ हजर. डेटाबेस सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला यातलं सुख वेगळं सांगायला नको.

रात्री लॅपटॉपवर बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. खंडमेरूनं सगळ्या ५०४० तानांचे नंबर काढले आणि प्रत्येक नंबरावरून तान परत काढली. सगळ्या जुळल्या. एकही घोळ नाही. शेवटची, 'नि ध प म ग रे सा', बरोबर ५०४० वर.

इथं थांबून एक गोष्ट बोलायला हवी. मी हे सगळं कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा दोन तऱ्हेची उत्तरं आली. एक: "बघा! कॉम्प्युटर आपल्याच पूर्वजांनी शोधला!" दुसरं: "झालं सुरू, आता विमानंही उडवा." गंमत म्हणजे दोघांपैकी एकानंही खडे सरकवून बघितले नव्हते. मला दोन्ही उत्तरं सारखीच आळशी वाटली. शार्ङ्गदेवानं काय केलं हे नेमकं सांगता येतं, आणि काय केलं नाही हेही.

केलं ते असं. एका अवघड यादीला नंबर द्यायची आणि नंबरावरून परत यायची पूर्ण, अचूक, कुणालाही करता येईल अशी कृती दिली. आजच्या भाषेत एन्कोडर आणि डीकोडर.

न केलेलं काय? तीन हजाराच्या पुढची, म्हणजे ३००१ वी तान काढून बघा. ती येते 'सा रे म प नि ध ग'. तीन हजारावीशी तुलना करा. तिसरा म आणि शेवटचा ग सोडले तर एकही स्वर आपल्या जागी नाही. म्हणजे नंबर सांगताना एकाचीही चूक झाली की भलतीच तान हाती येते, आणि चूक झाली हे कळायचा मार्गही नाही, कारण १ ते ५०४० मधला प्रत्येक नंबर कुठली तरी खरी तान आहे. इथं काटकसर पराकोटीची आहे. एकही आकडा वाया गेलेला नाही, आणि नेमकी म्हणूनच चुकीला पकडायला जागा उरलेली नाही.

आज आपण ज्याला कोडिंग थिअरी म्हणतो ती इथून उलट्या दिशेला निघते. १९५० मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समधल्या रिचर्ड हॅमिंगनं मुद्दाम जास्तीचे आकडे घालायची व्यवस्थित पद्धत छापली. बहुतेक नंबर रिकामेच ठेवायचे, म्हणजे चुकून रिकाम्या नंबरावर पोचलो तर चूक उघडी पडते, आणि जवळचा भरलेला नंबर शोधून दुरुस्तही करता येते. या शास्त्रातही एक मराठी माणूस आहे, आणि तो आपल्यातल्या फार कमी जणांना माहीत आहे: शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा, शिक्षण नागपूरला. १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्याबरोबर त्यांनी ऑयलरचं जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जुनं अनुमान खोटं ठरवलं. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी आणखी एक निबंध छापला. अधिक-उणे एकच्या विशिष्ट चौकटी असतात, हादामार मॅट्रिक्स म्हणतात त्यांना. त्यांचं आणि चूक पकडणाऱ्या उत्तम कोडचं नातं त्या निबंधात दाखवलंय. पुढे १९७१-७२ मध्ये मरिनर ९ या यानानं मंगळाचे फोटो पाठवले, ते ३२ बाय ३२ च्या अशाच चौकटीतून बनलेल्या कोडनं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे ६ बिट, पाठवायचे ३२, आणि त्यातले ७ बिघडले तरी मूळ ठिपका शाबूत. श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले.

म्हणजे शार्ङ्गदेवाकडे सुबक नंबर होते. त्या नंबरांना चुकीपासून वाचवायचं गणित सातशे वर्षांनंतरचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीची शाबासकी दुसरीला देऊ नये. पण पहिलीची शाबासकी पहिलीला तरी मिळू द्या की.

आणि आता जी गोष्ट मला खरी लागली ती.

आमच्याकडून कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथं पाटणला इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं, असं त्यात लिहिलंय. लेखाचा शेवटचा भाग तर मराठीत आहे, यादवकाळच्या. जरा विचार करा. एकाच राजाच्या अमदानीत, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, एकीकडे बीजगणित शिकवायची संस्था आणि दुसरीकडे खंडमेरू. भास्कराचार्यांचं बीजगणित म्हणजे चक्रवाल पद्धत. ६१ ला कुठल्या वर्गानं गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गच येतो, याचं नऊ आकडी उत्तर तिथं आहे. फर्मानं तोच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत यादव गेले. देवगिरीची दौलताबाद झाली. पाटणचा मठ कधी बंद पडला देव जाणे. त्याची आठवण एका दगडावर राहिली आणि १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख प्रसिद्ध केला तेव्हा जगाला कळली. मठ एकच होता, त्याची दुसरी प्रत नव्हती.

खंडमेरूचं मात्र तसं झालं नाही. संगीतरत्नाकराच्या नकला देशभर गेल्या. चौदाव्या शतकात सिंहभूपालानं टीका लिहिली, पंधराव्यात विजयनगरच्या कल्लिनाथानं. एकानं गाळलं तर दुसऱ्यात सापडावं अशी सोय आपोआप झाली. १३५६ मध्ये नारायण पंडितानं गणितकौमुदीत हाच धागा पुढे नेला. आणि गवयांच्या गळ्यातून मेरुखंड थेट औरंगपुऱ्यातल्या आत्याच्या शिकवणीपर्यंत आलं. त्या मुलीला खंडमेरूचा तक्ता माहीत नव्हता, आत्यालाही तो पाठ नव्हता. ओळींचा क्रम तेवढा टिकला होता, आणि त्यावरून मागचा नियम परत काढता आला. ज्ञान टिकायचं तर त्याच्या जास्तीच्या प्रती हव्यात, हे हॅमिंगनं सिद्ध करायच्या आधीपासून खरं आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन दौलताबादला गेलो. वय वर्षं अकरा, मोबाईलमधून मान वर नाही. अंधारी, मेंढा तोफ, बारादरी सगळं झालं. उतरताना पायऱ्यांवर बसून खडूनं तिसऱ्या रकान्यापर्यंतचा खंडमेरू काढला आणि त्याला तीन खडे दिले. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आलं. मग म्हणाला, "मामा, चार स्वरांचं कर." चौथा रकाना त्याचा त्यानंच काढला: ०, ६, १२, १८. का ते मी सांगितलं नव्हतं.

निघताना खडूच्या रेघा पाण्यानं धुऊन टाकल्या. खडे त्यानं खिशात घातले. आता एक प्रत त्याच्याकडेही आहे.

पुण्यातले ते गृहस्थ हे वाचत असतील तर, सर, उत्तर सापडलं. जरा उशीर झाला, पण सत्याहत्तर वर्षं नाही लागली. :-)